रक्तातला भूतकाळ

मराठीच्या प्राध्यापकाला वैद्यकातले काही विचारू नये, आणि कोणी विचारलेच तर त्याने सांगू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. पण आमच्या घरात ते कोणी मानीत नाही. घरात एम. ए. झालेला मी पहिला. तेव्हा जे जे छापील ते ते मला समजलेच पाहिजे, असा सगळ्यांचा समज! विजेचे बिल वाढून आले, विम्याचा कागद आला, सोसायटीची नोटीस आली, की ती माझ्यापुढे येते. मी चष्मा चढवतो, घसा साफ करतो आणि एखाद्या ओवीचा लावावा तसा त्या नोटिशीचा अर्थ लावतो. आजवर त्यात कोणाचे फारसे नुकसान झालेले नाही.

गेल्या वर्षीच्या आषाढात आलेल्या एका कागदाने मात्र माझी सगळी विद्वत्ता उतरवली.

संध्याकाळची वेळ होती. बाहेर पावसाची रिपरिप चालली होती. माझी थोरली बहीण, म्हणजे आमची ताई, ओली छत्री न मिटताच आत आली. तिच्यामागे तिची मुलगी. भाचीला तेव्हा दहावा आठवडा चालू होता. हा आठवड्यांचा हिशेब मी तिच्याकडूनच शिकलो. आमच्या घरात बायका महिने मोजीत आल्या आहेत. आदल्या वर्षी तिसऱ्याच महिन्यात तिची आशा खुडली गेली होती. त्यामुळे या खेपेला घरातले सगळेच जपून बोलत होते, जपून चालत होते.

"हे बघ रे जरा, काय लिहिलंय ते," ताई म्हणाली.

कागद रक्ततपासणीचा होता. वर 'टॉर्च' असा शब्द होता. टॉर्च म्हणजे विजेरी, एवढेच मला ठाऊक. पुढे कळले की गर्भाला अपाय करू शकणाऱ्या काही संसर्गांच्या नावांची आद्याक्षरे जुळवून हा शब्द बनवला आहे, आणि त्यातला पहिला 'टॉ' टॉक्सोप्लाझ्माचा. त्या नावापुढे दोन ओळी ठळक ठशात छापल्या होत्या : आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम पॉझिटिव्ह.

अर्थ लावण्याची माझी पाळी येण्यापूर्वीच ताईच्या यजमानांनी मोबाईलवर तो लावून ठेवला होता. हा मांजराकडून येणारा रोग आहे, गर्भाच्या डोळ्यांना आणि मेंदूला इजा करतो, एवढे त्यांनी वाचले आणि फोन खाली ठेवला. तासाभरात बातमी सासरी पोहोचली. तिकडच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी फोन करून, "अजून वेळ गेलेली नाही, मोकळं होऊन जा," असेही सुचवून टाकले. आमच्या जिन्यात राहणारी मनी मांजर, जिला आईने दहा वर्षे दूध घातले होते, तिला पोत्यात घालून वॉचमनबरोबर मासळीबाजाराकडे रवाना करण्यात आले. ती शिक्षा आहे असे मनीला वाटले असेल की नाही, कोण जाणे!

या सगळ्या धांदलीत भाची एकटीच गप्प होती. जाताना दारात थांबून तिने मला विचारले, "मामा, त्या कागदात खरंच तसं लिहिलंय का रे?"

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशीचा तास बुडवून मी त्यांच्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

'काय' आणि 'केव्हा'

बाईंनी कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. "ही तपासणी तुम्हाला कोणी सांगितली?" असे त्यांनी विचारले. कोणीच सांगितली नव्हती. एका ठिकाणी इतर तपासण्यांच्या जोडीला सवलतीत मिळत होती, म्हणून करून घेतली होती. गर्भवतीची ही तपासणी सरसकट करू नये असे पुष्कळ तज्ज्ञांचे मत आहे, हे मला तेव्हा प्रथमच समजले.

"सर, हा कागद फक्त 'काय' ते सांगतो," बाई म्हणाल्या. "मला हवंय ते 'केव्हा'. हा जंतू हिच्या शरीरात शिरला हे बहुतेक खरं आहे. पण तो गेल्या महिन्यात शिरला, की ही शाळेत असताना शिरला? गेल्या महिन्यात शिरला असेल, तर काळजीचं कारण आहे. शाळेत असताना शिरला असेल, तर काळजी तर नाहीच, उलट ते एका परीनं बरंच झालं."

आता मी पडलो व्याकरण शिकवणारा माणूस. 'केव्हा' हा शब्द कानी पडताच मला माझ्या वर्गातला फळा दिसू लागला. त्यानंतर आठ दिवस जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते मी माझ्या पद्धतीने सांगतो.

हा टॉक्सोप्लाझ्मा म्हणजे एकाच पेशीचा परोपजीवी जीव. दुसऱ्याच्या घरात राहायचे, त्याचेच खायचे आणि भाडे द्यायचे नाही, अशी ही जात. १९०८ साली ट्यूनिसच्या पाश्चर संस्थेत शार्ल निकोल आणि लुई मॉन्सो यांना तो गुंडी नावाच्या उत्तर आफ्रिकेतल्या एका कुरतडणाऱ्या लहानशा प्राण्यात आढळला. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये आल्फोन्सो स्प्लेंडोरे यांना तो सशात सापडला. आकार धनुष्यासारखा वाकडा, म्हणून धनुष्याला असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले.

त्याचे माहेर मात्र मांजराच्या आतड्यात आहे, हे कळायला १९७० सालच्या आसपासचा काळ उजाडावा लागला. त्या शोधात भारतात जन्मलेले पशुवैद्य जे. पी. दुबे यांचाही वाटा आहे. पहिल्यांदा संसर्ग झालेले मांजर साधारण एक-दोन आठवडे या जंतूची सूक्ष्म बीजे विष्ठेतून टाकते. ती मातीत मिसळतात. तिथून न धुतलेल्या भाजीवर, पाण्यात, चरणाऱ्या जनावरांच्या पोटात जातात. माणसाला तो मिळतो तो मातीच्या हातांतून, नीट न धुतलेल्या पाल्यातून, नाहीतर अर्धकच्च्या मांसातून. म्हणजे जन्मात मांजर न पाळलेल्या शाकाहारी माणसालाही तो व्हायला हरकत नाही!

आणि झाला तरी बहुतेकांना कळतही नाही. चार दिवस कणकण येते, मानेत एखादी गाठ सुजते, 'हवा बदलली' म्हणून आपण काढा घेतो आणि विसरून जातो. शरीर मात्र विसरत नाही.

शरीराचे रोजनिशीलेखन

परका जंतू आत शिरला की रक्त त्याच्याविरुद्ध काही विशिष्ट प्रथिने तयार करते. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. घटसर्प आणि धनुर्वात यांच्या विषावर उतारा ठरणारे असे काहीतरी रक्तात तयार होते, हे बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० साली दाखवले, आणि तेव्हापासून डॉक्टर रक्ताला प्रश्न विचारू लागले. प्रश्न विचारण्याची ही रीत सोयीची आहे. जंतू यकृतात दडलेला असो, मेंदूत असो, स्नायूत असो. त्याला शोधायला सुई तिथवर नेणे सोपे नसते. त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे मात्र दंडातल्या रक्तात सहज मिळतात. चोर सापडला नाही तरी चोरीची फिर्याद चौकीच्या वहीत नोंदलेली असते, तसे हे आहे.

पण वहीतली नोंद वाचताना तारीख पाहावी लागते. चोरी काल झाली की वीस वर्षांपूर्वी? अडचण अशी, की रक्ताच्या वहीत तारीख घालण्याची पद्धतच नाही.

डॉक्टरांनी मग शाईच्या रंगावरून तारीख ओळखण्याची युक्ती काढली. प्रतिपिंडांचे काही प्रकार आहेत. संसर्ग झाल्यावर आठवड्याभरात जी घाईघाईने धावत येतात ती आयजीएम. मागाहून, सावकाश, पण कायमच्या मुक्कामाच्या तयारीने येतात ती आयजीजी. टॉक्सोप्लाझ्माच्या बाबतीत आयजीजी एक-दोन महिन्यांत शिखर गाठतात, मग थोडी उतरतात आणि जन्मभर राहतात. तेव्हा सरळ हिशेब असा मांडला गेला : आयजीएम म्हणजे वर्तमानकाळ, आयजीजी म्हणजे भूतकाळ. 'ताप येत आहे' आणि 'ताप आला होता'. किती सुटसुटीत!

पण सुटसुटीत नियमांना अपवाद असतात, हे व्याकरणवाल्याला कोणी सांगायला नको. आपल्या भाषेतच पाहा. जेवायला बोलावल्यावर खोलीतून चिरंजीव ओरडतात, "हा आलोच!" क्रियापदाचे रूप भूतकाळाचे, प्रत्यक्षात स्वारी अजून पलंगावर लोळत असते. उलट इतिहासाच्या पुस्तकात 'महाराज आग्र्याहून निसटतात' असे वाक्य येते. रूप वर्तमानकाळाचे, घटना साडेतीनशे वर्षांपूर्वीची! याला आम्ही ऐतिहासिक वर्तमानकाळ म्हणतो. रूपावरून काळ ओळखायला जाणारा विद्यार्थी इथे हमखास फसतो.

आयजीएमचे नेमके असेच आहे. काही माणसांच्या रक्तात ती काही महिन्यांत नाहीशी होतात. काहींच्या रक्तात वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहूनही जास्त रेंगाळतात. कधीकधी तर संसर्ग नसतानाही चाचणी चुकून 'आहे' म्हणते. म्हणजे कागदावर वर्तमानकाळ, पण घडलेले सगळे केव्हाच होऊन गेलेले.

आणि या ठिकाणी काळ चुकला तर केवढी किंमत पडते! गर्भारपणाच्या आधी आईला हा संसर्ग होऊन गेला असेल, तर तिची प्रतिपिंडे आणि लढाऊ पेशी तयारच असतात आणि बाळाला सहसा धोका राहत नाही. धोका असतो तो गर्भारपणातच पहिल्यांदा संसर्ग झाला तर. त्यातही नियम विचित्र आहे. सुरुवातीच्या महिन्यांत जंतू बाळापर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी, पण पोहोचलाच तर इजा जास्त. शेवटच्या महिन्यांत पोहोचण्याची शक्यता जास्त, पण इजा कमी.

या रोगाची पहिली खात्रीची रक्तचाचणी १९४८ साली आल्बर्ट सेबिन आणि हॅरी फेल्डमन यांनी शोधली. हे सेबिन म्हणजे ज्यांचे पोलिओचे थेंब आपण मुलांना पाजले तेच. जिवंत जंतू निळ्या रंगात सोडले की ते रंग शोषून घेतात. पण रुग्णाच्या रक्तद्रवात प्रतिपिंडे असली तर घायाळ झालेले जंतू बिनरंगाचे राहतात. फार देखणा प्रयोग. पण त्यालाही 'झाला होता' एवढेच सांगता येई. 'केव्हा' हा प्रश्न राहिलाच. फ्रान्समध्ये १९७८ पासून गर्भवतींच्या तपासणीची देशव्यापी योजना सुरू झाली, तिची मूळ युक्ती मोठी शहाणपणाची होती : आधी तपासून ठेवायचे, आणि जिच्या रक्तात प्रतिपिंडे नाहीत तिची पुन्हापुन्हा तपासणी करायची. काल नव्हती आणि आज आहेत, म्हणजे संसर्ग नवा. अशा ठिकाणी तारखेचा प्रश्न आपोआप सुटतो.

जिथे आधीची नोंद नाही, तिथे मात्र एकट्या आयजीएमने पुष्कळ घोटाळे केले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली डॉक्टरांना मुद्दाम इशारा दिला, की केवळ एका आयजीएम चाचणीवर विसंबून गर्भवतीच्या बाबतीत निर्णय घेऊ नका. पालो आल्टो येथील टॉक्सोप्लाझ्माच्या खास प्रयोगशाळेचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. आयजीएम पॉझिटिव्ह आलेल्या स्त्रियांचे रक्त तिथे पुन्हा नीट तपासून, त्याचा खरा अर्थ तज्ज्ञांनी त्यांच्या डॉक्टरांना समजावून दिला, तेव्हा विनाकारण होणारे गर्भपात सुमारे निम्म्याने घटले.

हे वाक्य मी ग्रंथालयात वाचले आणि पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसलो. निम्म्याने घटले! त्याआधी किती घरांत, किती ताईंनी, एका ठळक ठशातल्या शब्दाला भिऊन, 'अजून वेळ गेलेली नाही' असे म्हटले असेल?

कच्चे टाके, पक्की शिवण

डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी भाचीचे रक्त पुन्हा घेऊन मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवले. या खेपेस तपासायची होती ती आयजीजीची 'अ‍ॅव्हिडिटी', म्हणजे पकड.

ही कल्पना १९८९ साली फिनलंडच्या क्लाऊस हेडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगासाठी वापरून दाखवली. ती समजायला घरचे शिवणकाम पुरे आहे. नवीन कपडा बेतला की आधी आपण कच्चे टाके घालतो. मापे बघतो, उसवतो, पुन्हा घालतो, आणि सगळे नीट बसले की मग मशिनीवर पक्की शिवण मारतो. शरीरही तसेच करते. संसर्गानंतरच्या पहिल्या आठवड्यांतली आयजीजी जंतूला चिकटतात, पण सैल, कच्च्या टाक्यासारखी. पुढचे काही महिने शरीर त्यांच्यात सुधारणा करीत राहते, अधिक घट्ट बसणारी तेवढी निवडून वाढवते. जसजसे दिवस जातात तसतशी पकड पक्की होत जाते.

मग टाका कच्चा की पक्का हे ओळखायचे कसे? ओढून पाहायचे! प्रयोगशाळेत प्रतिपिंडांना जंतूच्या अंशावर चिकटू देतात आणि मग युरियाच्या तीव्र द्रावणाने धुतात. कच्चे टाके त्या धुण्यात निघून जातात, पक्के टिकतात. किती टिकले यावरून पकड ठरते. पकड घट्ट असेल तर संसर्ग गेल्या तीन-चार महिन्यांतला नाही, हे खात्रीने सांगता येते. मात्र उलटे म्हणता येत नाही, हे बाईंनी आम्हाला दोनदा बजावले. काही जणांची पकड वर्षभर सैलच राहते. तेव्हा सैल पकड म्हणजे नवा संसर्ग, असे नव्हे. मग दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यायचे, आकडे चढतात का पाहायचे, स्पायरामायसिन नावाचे औषध सुरू करायचे, आणि अठराव्या आठवड्यानंतर गरज पडल्यास गर्भजल तपासून जंतू प्रत्यक्ष बाळापर्यंत गेला आहे का ते बघायचे. म्हणजे वाईटात वाईट उत्तर आले तरी पुढे रस्ता होता. 'मोकळं होऊन जा' हा काही एकच रस्ता नव्हता.

उत्तराला आठ दिवस लागणार होते. घरात बसवत नव्हते, म्हणून मी ग्रंथालयात बसू लागलो. या 'केव्हा'च्या पेचात सापडलेले आम्हीच एकटे आहोत का, हे मला पाहायचे होते. योगायोग असा, की ज्या युरियाने आमची चाचणी व्हायची, त्या युरियाचे नाव मला दुसऱ्याच एका रोगाच्या इतिहासात भेटले.

तो रोग म्हणजे काळा आजार. वालुमाशी चावून होणारा. महिनोन् महिने ताप, पोटात फुगलेली प्लीहा, आटत जाणारा देह, आणि औषध न मिळाल्यास बहुधा मृत्यू. बंगाल, आसाम आणि बिहारने त्याच्या पायी गावेच्या गावे उजाड झालेली पाहिली. त्याचा जंतू विल्यम लीशमन यांना डमडमच्या छावणीत राहून आलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत, आणि चार्ल्स डोनोव्हन यांना मद्रासला आढळला. दोघांचेही लेख १९०३ साली प्रसिद्ध झाले. पुढे कलकत्त्यात एका लहानशा खोलीत काम करून डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी 'युरिया स्टिबामाईन' हे औषध तयार केले आणि असंख्य लोकांना जीवदान दिले.

औषध मिळाले, पण रोग ओळखायचा कसा? प्लीहेत सुई घालून जंतू पाहणे ही खात्रीची रीत. पण ती जोखमीची, आत रक्तस्राव होण्याची भीती. म्हणून इथेही रक्तालाच विचारू लागले. जुन्या काळी रुग्णाच्या रक्तद्रवात फॉर्मॅलिनचा थेंब टाकीत. रोग असला तर तो द्रव उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखा घट्ट होई. पण त्याला आजार तीन-एक महिने मुरावा लागे, आणि दुसऱ्या काही रोगांतही तसेच होई. अलीकडे 'आरके ३९' नावाची पट्टी निघाली आहे. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, पट्टीवर सोडायचा, थोडा वेळ थांबायचे. दोन रेघा उमटल्या की प्रतिपिंडे आहेत. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको, खेड्यातल्या आरोग्यकेंद्रातही जमते. बिहारमध्ये या रोगाची संख्या आज पुष्कळच खाली आली आहे, त्याच्या श्रेयात या पट्टीचाही वाटा आहे.

तरीही पेच तोच! औषध घेऊन खडखडीत बरा झालेला माणूस दोन वर्षांनी तापाने आजारी पडून आला, तरी त्याची पट्टी दोन रेघा दाखवू शकते. कधीच आजारी न पडलेले त्याचे शेजारीही कधीकधी पॉझिटिव्ह निघतात, कारण वालुमाशी त्यांनाही चावलेली असते. त्यांच्या शरीराने जंतूला परस्पर आवर घातलेला असतो. म्हणून तिथला नियम असा आहे : दोन आठवड्यांहून जास्त ताप, वाढलेली प्लीहा, मलेरिया नाही, आणि पूर्वी हा रोग झालेला नाही, असे सगळे जुळले तरच त्या दोन रेघांना अर्थ. रोग उलटल्याची शंका आली की पट्टी बाजूला ठेवून पुन्हा प्लीहेतला किंवा हाडाच्या मगजातला नमुनाच पाहावा लागतो.

मलेरियाच्या बाबतीत डॉक्टरांनी हा नादच सोडून दिला आहे. तिथे प्रतिपिंडांवर निदान करीत नाहीत. रक्ताच्या थेंबात जंतू डोळ्यांनी पाहतात, नाहीतर पट्टीवर जंतूचेच एक प्रथिन शोधतात. म्हणजे चौकीतली वही न चाळता चोराची वहाणच शोधायची. पण वहाणसुद्धा चोर गेल्यावर मागे राहते! ते प्रथिन औषधोपचारानंतर काही आठवडे रक्तात सापडू शकते. म्हणून बरा झालेल्या माणसाची पट्टी पॉझिटिव्ह आली, की लगेच घाबरायचे कारण नसते.

एवढे वाचल्यावर मला आमच्या मनातली चूक कुठे झाली ते उमगले. 'पॉझिटिव्ह' हा शब्द आम्ही निकालासारखा वाचला होता. तो नुसता एका साक्षीदाराचा जबाब होता. आणि साक्षीदार खोटे बोलत नव्हता, त्याला फक्त तारीख आठवत नव्हती.

नवव्या दिवशी

नवव्या दिवशी कागद आला. या खेपेला ताईने तो माझ्याकडे दिलाच नाही. थेट डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. आम्ही सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.

"पकड घट्ट आहे," बाई म्हणाल्या. मग भाचीकडे वळून सावकाश, एकेक शब्द सुटा करीत म्हणाल्या, "हे किमान चार महिन्यांपूर्वीचं आहे. कदाचित चार वर्षांपूर्वीचंही असेल. तेव्हा हे बाळ कुठंच नव्हतं. या कागदापायी तुझ्या बाळाला काही होणार नाही."

ताईने डोळ्याला पदर लावला. तिचे यजमान उगीचच पाकिटातले पैसे मोजू लागले. भाचीने मात्र एकच प्रश्न विचारला, आणि तो तिच्या मनात वर्षभर बसून होता हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते : "मग मागच्या वेळचं? ते माझ्या मांजराच्या नादामुळे झालं का?"

"हा कागद तसं मुळीच सांगत नाही," बाई म्हणाल्या. "पहिल्या तीन महिन्यांत असं झालं, तर पुष्कळदा गर्भाच्या गुणसूत्रांतच काहीतरी चुकलेलं असतं. त्यात आईनं काय केलं, काय खाल्लं, कोणाला मांडीवर घेतलं, याचा काही संबंध नसतो. तुझा दोष नव्हता."

मला वाटते, त्या दिवशी आम्ही जे घेऊन घरी परतलो, त्यात हे शेवटचे वाक्य सगळ्यांत मोलाचे होते.

निघताना बाईंनी सांगितलेल्या चार गोष्टी इथे लिहून ठेवतो, कोणाच्या तरी घरी उपयोगी पडतील. पालेभाजी आणि फळे भरपूर पाण्यात धुवावी. मांस पूर्ण शिजवून खावे. कुंड्यांत माती उकरताना हातमोजे घालावे आणि नंतर साबणाने हात धुवावे. घरात मांजर असेल तर त्याची घाण दुसऱ्या कोणीतरी रोजच्या रोज काढावी. ती बीजे ताजी असताना बाधत नाहीत, त्यांना बाधक व्हायला किमान एक दिवस लागतो. मांजराला हाकलायची गरज नाही. आणि कागदावर काहीही ठळक ठशात छापलेले असले, तरी डॉक्टरांनी तो पाहिल्याशिवाय फोन कोणालाही करू नये! हे शेवटचे कलम बाईंनी ताईच्या यजमानांकडे पाहून सांगितले.

श्रावणात एका सकाळी मनी आपल्या पायांनी परत आली. अंगाने चांगली भरली होती. आईने काही न बोलता बशीत दूध ओतले.

माघात भाचीला मुलगी झाली. डोळे टपोरे, आवाज खणखणीत. बाईंनी तिचे डोळे मुद्दाम तज्ज्ञांकडून तपासून घेतले. सगळे ठीक आहे. तिची ही पहिलीच दिवाळी. सध्या ती रांगत रांगत जिन्यापर्यंत जाते आणि मनीची शेपटी धरू पाहते, आणि ताई मागून ओरडते, "हात धू ग तिचे!"

परवा ताई पुन्हा एक कागद घेऊन आली. नातीच्या लसीकरणाचे कार्ड होते. "हे बघ रे जरा, काय लिहिलंय ते," ती म्हणाली. मी चष्मा चढवला, घसा साफ केला. पण अर्थ लावायला बसण्यापूर्वी आधी वरच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली.